जर्मनीतलं ‘या’

हिंगोलीहून निघालेल्या बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या मावशी जर्मनीत लेकीकडे तीन महिने राहून आल्या होत्या.

“भाषेची तकलीफ न्हाई झाली?” मी विचारलं.

माझ्या ओंजळीत भुईमुगाच्या शेंगा ओतत त्या म्हणाल्या, “काहून व्हईल? शेजारीण लई मायाळू. मी मराठीत काहीबी बोलले की म्हणायची, ‘या, या!’ मंग मी आत जाऊन बसायची.”

मी हळूच सांगितलं, “मावशी, त्यांच्या भाषेत ‘या’ म्हणजे ‘हो’.”

“ते लेकीनं दुसऱ्याच दिशी सांगितलं. पर ती दिसभर कामावर. एकट्या घरात ‘हो’ घेऊन काय करू? मला ‘या’च बरं व्हतं.”

त्यांच्या गावाला, डोंगरकड्याला, उतरताना त्या म्हणाल्या, “घरी या एकदा.”

मी म्हणालो, “या, या!”

त्या पायरीवरच थांबल्या. “कोणत्या भाषेत?”