भाचीला पाठवलेलं निळं आभाळ

एका भल्या माणसाच्या घरावरचं आभाळ माझ्या हातून खराब झालं. झालं कसलं, मी केलं. कॉम्प्युटरसमोर बसून, चहाचे घोट घेत, स्वतःवर खूश होत केलं, आणि त्यापायी त्याचं जुळत आलेलं लग्न मोडायला निघालं. मला हे कुणी करायला सांगितलं नव्हतं. मला फक्त एक फोटो काढायला सांगितला होता.

आमचं ऑफिस रायपूरबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत गेलं तेव्हा ऑफिसातली माणसं काही गेली नाहीत. ती जुन्या रायपुरातच राहिली आणि रोज ऑफिसच्या बसनं ये-जा करू लागली. मीही समता कॉलोनीतून जायचो. नव्या राजधानीत रस्ते असे की त्यावर विमान उतरावं, आणि रस्त्यावर असायची एखादी म्हैस. अशा ठिकाणी राहायला गेलेला आमच्या ऑफिसातला पहिला माणूस म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा. मुलगा म्हणजे तिशीतला. त्याचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. पुरानी बस्तीतल्या घरात इतकी माणसं की त्याला स्वतःचं असं एक कपाट मिळालं नव्हतं. सरकारी क्वार्टर मिळालं तेव्हा त्यानं आख्ख्या ऑफिसला पेढे वाटले. "भैया, आता माझी स्वतःची गॅलरी आहे," असं तो मला रोज सांगायचा.

माझ्या ताईची मुलगी वर्ध्याला बालवाडीत शिकवायची. दोघांचं जमवून द्यावं हे माझ्याच मनात आलं. पत्रिका जुळली, फोनवर बोलणं झालं, दोघं एकमेकांना आवडलीही. भाचीची एकच अडचण होती.

"मामाजी, पोरगा चांगला वाटून राहिला," ती फोनवर म्हणाली. "पण तिथं आजूबाजूला माणसं राहतात ना? मले दिवसभर गलबल्याची सवय आहे. तुमी जाऊन एक फोटो काढून पाठवा. तुमच्यावर भरोसा आहे."

तिचा भरोसा होता हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

तेव्हा मी फोटोग्राफीच्या एका शिबिराला नुकताच जाऊन आलो होतो. तिथले गुरुजी म्हणाले होते, निसर्गाचा फोटो काढताना जे दिसलं ते दाखवू नका, जे वाटलं ते दाखवा. बाकीचं काम कॉम्प्युटरवर करा. ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. मेहुण्याच्या वाढदिवसाचा फोटो मी काळापांढरा केला, तर त्याच्या सासूबाईंनी घाबरून फोन केला. माझी बायको म्हणायची, "तुमाले काय वाटते ते तुमालेच समजत नाही, लोकायले काय दाखवता?"

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी स्कूटरनं त्याच्या क्वार्टरवर गेलो. त्यानं गॅलरी दाखवली, वाळत घातलेला स्वतःचा गुलाबी टॉवेलसुद्धा दाखवला. पण मला वाटलं, खालून उजेड जास्त चांगला मिळेल. खाली येऊन डिकी उघडली, कॅमेरा काढला, हातातली किल्ली डिकीत ठेवली आणि सीट दाबून बंद केली. आत किल्ली, आत मोबाइल, आत बायकोनं बळेच ठेवलेला डबा. सीटवर बुक्क्या मारताना मला त्यानं वरून पाहिलं आणि धावत खाली आला.

"भैया, दुसरी चाबी?"

"घरी."

"टेन्शन नका घेऊ. मी आणून राहिलो."

त्यानं मोटरसायकलला किक मारली आणि माझ्या घरी, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, निघूनही गेला. खाली येताना सवयीनं तो क्वार्टरला कुलूप लावून आला होता. ते आम्हा दोघांच्याही नंतर लक्षात आलं.

मी समोरच्या पुलियाच्या, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर बसलो. समोर त्याची इमारत, बाजूला मोकळं माळरान, वर मोठं आभाळ. मी उपाशी होतो, कारण सकाळी बायकोशी याच कॅमेऱ्यावरून वाद झाला होता आणि मी तोऱ्यात न जेवता निघालो होतो. हळूहळू माझ्या मनात उदासी दाटून आली. या विराट पोकळीत माणूस किती एकटा आहे, असं काहीतरी मला फार खोलवर जाणवलं. तेवढ्यात तळमजल्यावरची एक बाई बादली घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "चाय पीहू का भइया?"

"नहीं नहीं, अभी पिया," मी म्हणालो. पोटातून मोठ्यांदा आवाज आला. ती हसली आणि गेली. मी पुन्हा एकटा आणि उदास झालो, आणि भराभर फोटो काढले.

आता खरं सांगतो, कारण तो मूळ फोटो माझ्याकडे अजून आहे. त्यात चार मजल्यांवर साड्या वाळत आहेत. गुलाबी टॉवेल आहे. बादलीवाली बाई आहे. एक लहान मुलगी तीनचाकी सायकल चालवते आहे. कोपऱ्यावर चहाचा ठेला आहे आणि त्याभोवती पाच-सहा माणसं आहेत. माळावरून बगळे उडत आहेत. इतका गजबजलेला एकटेपणा क्वचितच कुणाच्या वाट्याला आला असेल.

संध्याकाळी तो किल्ली घेऊन आला. बरोबर बायकोनं दिलेले गरम पोहेही होते. मी पोहे खाल्ले आणि मला एकदम बरं वाटलं. तिथंच मला कळायला हवं होतं की ती उदासी नव्हती, भूक होती. पण मी घरी येऊन कॉम्प्युटर सुरू केला.

जे वाटलं ते दाखवायचं होतं. उजेड उतरवला. निळा रंग चढवला. कडांना काळोख दिला. साड्या उदासीच्या आड येत होत्या, त्या पुसल्या. टॉवेल पुसला. बाई पुसली, ठेला माणसांसकट पुसला. बगळे मला लेन्सवरची धूळ वाटले, तेही साफ केले. शेवटी सायकलवरची मुलगी पुसली. बायको मागून डोकावली.

"अग्गोबाई! कोण गेलं?"

"याला मूड म्हणतात," मी म्हणालो आणि फोटो वर्ध्याला पाठवून दिला.

अर्ध्या तासात ताईचा फोन. "अरे, तू पोट्टीले काय पाठवलं? जेवली नाही ते. नाही म्हणून राहिली."

भाचीनं फोन घेतला. "मामाजी, एकही माणूस नाही. खिडक्या अंधाऱ्या. आणि ते रस्त्यावर सायकलची सावली आहे, ते कोणाची?"

मी फोटो पुन्हा पाहिला. मुलगी पुसली होती, सायकल पुसली होती. सावली राहून गेली होती. रिकाम्या रस्त्यावर, काळ्यानिळ्या उजेडात, कुणाचीच नसलेली तीन चाकं.

त्याच वेळी मूळ फोटो पाठवून मोकळा झालो असतो तर हे लिहावं लागलं नसतं. पण मूळ फोटो पाठवणं म्हणजे मी कलाकार नाही असं कबूल करणं. मी दुसरा फोटो तयार केला. आभाळ केशरी केलं, गवत इतकं हिरवं केलं की डोळे चुरचुरावेत, सावली पुसली, आणि माणसं हवीत म्हणून बादलीवाली बाई परत आणली. एकदा आणल्यावर अजून जागा उरली होती, म्हणून तिला आणखी दोन ठिकाणी चिकटवलं.

"मामाजी," भाची म्हणाली, "तिथं एकच बाई राहते काय? आणि एका वेळी तीन जागी पाणी भरते?"

मागून ताई कडाडली. "पोरगा खोटे फोटो देऊन राहिला! लग्नाच्या आधीच असं, तर पुढं काय करीन? तू असे फोटो काढणार नाही, हा त्यानंच दिला ना रे?"

आणि मी "हं" म्हणालो.

इतकंच बोललो. आजवर मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण इतकं छोटं आणि इतकं जड खोटं दुसरं बोललो नाही. स्थळ नको असा निरोप त्याच्या घरी गेला. कारण कुणी सांगितलं नाही.

त्यानं मला विचारलं नाही. तो स्वतःलाच तपासत बसला. गॅलरीत प्लॅस्टिकच्या वेली लावल्या. दाराला तोरण लावलं. टॉवेल आतल्या खोलीत वाळवू लागला, कारण गुलाबी रंग वर्ध्याच्या लोकांना आवडला नसावा असं त्याला वाटलं. हे तो मला ऑफिसात सांगायचा आणि मी फायलीत तोंड खुपसायचो.

मग एके दिवशी सकाळी तो मला बसमध्ये दिसला. राहायला नव्या राजधानीत आणि शहरातून सुटणाऱ्या बसमध्ये, ते पाहून मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तो माझ्या शेजारी येऊन बसला.

"रात्री पुरानी बस्तीत होतो भैया. आईले सांगून आलो. आज ऑफिसात जाऊन क्वार्टर सोडतो म्हणतो. तिथं कोणती पोरगी येणार? माझ्यात नाही, तर जागेतच काही कमी असेल."

"गॅलरी?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"जाऊ द्या. कपडे वाळवाले बस्तीतल्या घराची छत आहे ना."

बस शहराबाहेर पडली. ऑफिस यायला आता फार वेळ नव्हता. मी मोबाइल काढला, मूळ फोटो भाचीला पाठवला आणि तिला फोन लावला. घाईत स्पीकरचं बटण दाबलं गेलं.

"मामाजी! हा खरा आहे काय? यात तर किती लोकं आहेत! आणि हा गुलाबी टॉवेल कोणाचा?"

पुढच्या सीटवरच्या बाई मागे वळल्या. शेजारी तो ताठ बसला.

"तो त्याचाच," मी म्हणालो. "सगळं खरं आहे, पोरी. ते निळं मी केलं. ती सावली माझ्याच हातून पुसायची राहून गेली. तीन बायकाही मीच केल्या. त्यानं एकही फोटो दिला नाही. तुझ्या आईला मी खोटं सांगितलं."

पुढच्या सीटवरच्या बाई आता पूर्णच मागे वळून बसल्या.

"ते तिथं बाजूले आहेत काय?" तिनं विचारलं.

"आहे."

"मग आधी त्यायची माफी मागा. मी ऐकून राहिली. मग आई आणि मी येतो, डोळ्यानं पाहू. आणि मामाजी, फोटो काढू नका."

बसमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. मी त्याच्याकडे वळलो. त्याच्या तोंडावर राग होता की हसू, ते मला नीट दिसेना, कारण माझेच डोळे भरले होते.

"तू माझी किल्ली आणायला शहराच्या त्या टोकाला गेलास," मी म्हणालो, "आणि मी तिथं बसून तुझ्या घरावर माझी भूक ओतली. तुझा टॉवेल पुसला, शेजारीण पुसली, आभाळ बिघडवलं, आणि विचारल्यावर तुझं नाव पुढं केलं. तुझ्या जागेत काही कमी नाही. कमी माझ्यात होती. मला माफ कर. क्वार्टर सोडू नको."