सॅक्सोफोनवर ठेवलेला तळवा

माझ्या लेकीला, शकूला, पहिला आवाज भेटवला तो सॅम्युअलजींनी. इकडे हिंदी मुलखात, नगरा वस्तीत, ते आमच्या समोरच राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. रोज दुपारी ओसरीवर सॅक्सोफोन वाजवतात. वाजवतात म्हणजे गाणं नव्हे; कधी किंचाळी, कधी घरघर, कधी नुसताच श्वास. शेजारच्या भाभी म्हणायच्या, "इनका बाजा सुन ले तो भैंस दूध देना बंद कर दे!" मीही हसायचे.

पण मग हसू आटलं. लेक आठ महिन्यांची झाली तरी हाकेला वळेना. डबा आपटला, देवाची घंटा वाजवली. घंटा डोळ्यांना दिसली तरच बघायची. दवाखान्यात सांगितलं, फारच कमी ऐकू येतं. मी आठवीत शाळा सोडलेली, डॉक्टरांचं निम्मं बोलणं कळलं नाही आणि पुन्हा विचारायची भीती. आमची माणसं सगळी तिकडे तुळजापूरकडे. सासूबाई फोनवर म्हणायच्या, "पहिलं लेकरू आहे, देवीआईचा गोंधळ घालायला या." मनात यायचं, जिला संबळ ऐकू येणार नाही तिच्यासाठी गोंधळ कसला? आईवर रुसलेच होते मी. दिवा लावायचे, पण हात जोडत नव्हते.

एका दुपारी डोकं फार ठणकत होतं. आवाज कमी करा, असं सांगायला शकूला कडेवर घेऊन गेले. ते डोळे मिटून वाजवत होते. आधी वासरू हंबरावं तसा आवाज आला, मग मालगाडीनं ब्रेक लावावा तसा. त्याला सूर नाही, ताल नाही, आणि तरी माझी छाती थरथरली. लहानपणी गोंधळात संबळ घुमला की अगदी अशीच थरथरायची.

तेवढ्यात शकू पुढं झुकली आणि तिनं त्या पितळी तोंडावर तळवा ठेवला. मग अशी खिदळली, की तसं हसू मी तिच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. मी तिला मागं ओढायला लागले.

"रहने दो बहू, सुन रही है."

"चाचाजी, इसको सुनाई नहीं देता."

"तो हाथ से सुन रही है."

असं म्हणून ते आणखी खालच्या, घुमणाऱ्या आवाजात वाजवू लागले. हे कुठलं गाणं, असं मी विचारलं. म्हणाले, "फ्री जॅझ है. पहले से कुछ तय नहीं, साँस जहाँ ले जाए."

त्या संध्याकाळी दिव्यापुढं माझे हात आपोआप जुळले. शकूच्या कानाला आता यंत्र आहे, आणि पुढं काय ते अजून कुणी नीट सांगत नाही. भीती वाटते मला, खोटं कशाला बोलू. पण मी लेकीचे कान मागत बसले होते, तेव्हा आईनं शकूचा तळवा दाखवला. पुढचंही तीच दाखवील.

गोंधळ घालायचं आता ठरलंय. सॅम्युअलजी, त्या दिवशी तुम्हाला गावी नेईन, संबळाच्या शेजारी मानानं बसवीन, आणि शकूला तुम्हा दोघांच्या मध्ये.