कोणाकडचे पाव्हणे

मी गावं वसवतो. जेवणाच्या टेबलावर, रविवारी दुपारी. पुण्याची भाची एकदा सुट्टीत वीस बाजूंचा फासा घेऊन आली आणि एक खेळ शिकवून गेली. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यात शिरून वागायचं, आणि नशिबाचा प्रश्न आला की फासा टाकायचा. भाची गेली, फासा राहिला. रचणारा अर्थात मी. माणसांना घाबरवण्याची अशी राजरोस सोय मला दुसरीकडे कुठे मिळणार?

खेळणारे तीन. बायको तिरंदाज, शेजारच्या शिक्षिका मॅडम मांत्रिक, आणि माझा बालमित्र म्हातारा शिपाई. मित्र एसटीत कंडक्टर. त्या शिपायावर त्याचा फार जीव. माझे राक्षस, पूर, विषारी विहिरी, सगळ्यांतून त्याने त्याला जिवंत बाहेर काढलेलं. आमचा एकच नियम कडक होता: मेला तो मेला, त्याची माहिती लिहिलेला कागद फाडायचा.

गावं मात्र मला जमत नव्हती. बायकोने तोंडावर सांगितलं, "तुमच्या गावात लोहार, सरदार, सगळे आमचीच वाट पाहत उभे असतात. त्याइले काही कामं नाहीत काय?"

झोंबलं ते. मग मी जवळच्या धामणगाव बढ्याला गेलो आणि उगाच गल्ल्यांतून हिंडलो. कोणीही माझ्यासाठी थांबलेलं नव्हतं. एक बाई बकरीला शिव्या देत होती, त्या खरं तर शेजारणीसाठी होत्या. एक जण छपरावर चढून खाली बायकोला विचारत होता की आपण वर कशाला आलो. पण मी दिसलो की हातातलं काम न सोडता प्रत्येक जण एकच विचारी: "कोनाकडं आले पाव्हने?" कोणाकडेच नाही, म्हटलं की नजर बदलायची. मी आनंदाने जवळजवळ नाचतच घरी आलो.

पुढच्या रविवारी नवं गाव मांडलं, बकरीवाली आणि छपरावरच्या माणसासकट. डोंगरात ड्रॅगन असला तरी मिरच्या वाळत घालाव्या लागतातच. तेव्हा वेशीजवळ एक म्हातारी मिरच्या पसरत होती. मी पदर घेतल्यासारखा टॉवेल डोक्यावर ओढला आणि तिच्या आवाजात विचारलं, "कोनाकडचे पाव्हने?"

कंडक्टरला उत्तर शोधावं लागत नाही. त्याने ठोकून दिलं, "त्या निंबाखालच्या घरचे."

मी टॉवेल हळूच खाली घेतला.

"काऊन बे?" तो म्हणाला. "काय झालं?"

"बकरीवाली गप्प झाली," मी म्हणालो. "छपरावरचा माणूस खाली उतरला. म्हातारीनं मिरच्या तशाच सोडल्या आणि तुम्हाला वाट दाखवत पुढं निघाली."

बाहेर वैशाखाचं ऊन होतं. वीज गेलेली, पंखा बंद, गल्लीत कुत्रंही नाही.

निंबाखालचं घर रिकामं होतं, पण अंगण झाडलेलं. तिघे आत बसले. थोड्या वेळाने कोणीतरी उंबऱ्यावर झाकलेलं ताट ठेवून गेलं. पिठलं आणि भाकर. मग दुसऱ्या घरून ताट आलं. तिसऱ्या घरून आलं. सगळ्यांत पिठलं, भाकर, गोडाचं काही नाही. आत कोणी येईना.

"मस्त गाव आहे," मॅडम म्हणाल्या. "पाहुणचार चांगला."

बायकोने हातातला फासा खाली ठेवला. "पाहुणचार नाही तो, मॅडम. ज्या घरी मयत झाली तिथं चूल पेटत नाही. तिथं असे ताटं पाठवतात."

"पण इथे कोण मेलं?"

मी पुन्हा टॉवेल ओढला. "या घरचे म्हनले ना तुमी? आमाले रडाले या घरचं एक मेलेलं मानूस पायजे. जो पयला घास घेईन, त्याच्यासाठी रडू. कोनीच नाही घेतला, तं दिवस मावळल्यावर तिघाइसाठी रडू."

"पळू," मॅडम म्हणाल्या.

"वेशीवर गाव उभं आहे," मी म्हणालो. "हातात काही नाही. नुसतं उभं आहे."

बायको माझ्याकडे अशी पाहत होती की संध्याकाळी माझंही ताट उंबऱ्यावर आलं असतं. मित्राने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. खरोखरची, खाकी.

"खोटं म्या बोललो," तो म्हणाला. "वहिनी, तुमी दोघी निघा. म्या खातो."

"भाऊजी, फासा तरी टाका!"

"जेवाले फासा कायले लागते?"

त्याने बोटांनी हवेतला घास उचलला आणि खाल्ला. चावला. गिळला. मी त्याचा कागद फाडायला हात पुढे केला, तर त्याने त्यावर पंजा ठेवला.

"थांब बे. मेलो, कबूल. पन गावातून कुठं गेलो? घर रिकामं हाय ना? म्या तिथंच राहतो. आता सांग, उद्या सकाळी शेजारीन काय म्हनते मले?"

गावातल्या प्रत्येक घराचं भांडण मी तयार ठेवलं होतं, एवढी एक शेजारीण सोडून. तरी तोंड उघडलं आणि तिचा आवाज आला, टॉवेलाशिवाय:

"ती भिंतीपलीकडून म्हणते, बरं झालं आले. लय दिवसाची एकटीच बोलून राह्यली होती मी."

बायकोच्या तिरंदाजाला आणि मॅडमच्या मांत्रिकाला आता वाट मोकळी होती. त्या वेशीकडे निघाल्याच नाहीत. मित्राने खुर्ची भिंतीकडे सरकवली, कान पुढे केला आणि अगदी घरच्यासारखा म्हणाला, "बोला बाई."