फौजदारमामांची आरोळी

पोलिसाने कसे यावे? दबकत, चाहूल न देता. आमचे फौजदारमामा मात्र गावाच्या शिवेवरूनच आरोळी ठोकत, "मी येई ऱ्हायनू रे!" गोऱ्या साहेबाने एकदा झापले, तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, हाक ऐकून जो पळतो, त्याच्या मागे जायचं. बाकीच्यांनी चहा ठेवावा." साहेबाला हसू आवरेना म्हणे.

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ. नवापूरकडच्या डोंगरात साधे शिपाई म्हणून लागले. पायी गस्त घालता घालता भिलांची बोली शिकले आणि शिपायाचे हवालदार, जमादार, फौजदार, इन्स्पेक्टर होत शेवटी डेप्युटी झाले. ती खुर्ची शिपायाच्या वाट्याला सहसा येत नसे, पण मामांना ती पहिल्यापासून आपलीच वाटे. नम्रपणा त्यांना फारसा जमला नाही. आम्ही त्यांना फौजदारच म्हणत राहिलो, कारण त्या बढतीचे पेढे सगळ्यात मोठे होते. आईने ओवाळले की दर वेळी म्हणायचे, "पट्टा बदलना माय, पाय त्याच शेतस." आणि बूट काढून भेगाळलेले पाय दाखवायचे.

ते नंदुरबारला इन्स्पेक्टर असताना आमच्याच घरी चौकशीची वेळ आली. आमचा सालदार गडी रूपा काम सोडून सातपुड्यात आपल्या गावी निघाला होता. त्याला अडकवण्यासाठी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याने बैल चोरल्याची फिर्याद दिली. रूपा कोठडीत गेला. ही चौकशी दुसऱ्या कोणाकडे द्या, असे भाऊबंदांनी मामांना विनवले. मामा म्हणाले, "दुसराले तठे जेवन भेटी. बैल भेटतीन का?"

मग आमच्या रनाळ्याच्या शिवेवर नेहमीची आरोळी झाली. आईने हौसेने चहाचे आधण ठेवले आणि आबा मागच्या दाराने पळाले! मामा त्यांच्या मागे धानोऱ्यापर्यंत गेले. तिथे आबांच्या एका मित्राच्या गोठ्यात आमचे दोन्ही बैल कडबा खात उभे होते.

रूपा सुटला. खोट्या फिर्यादीबद्दल कोर्टाने आबांना दंड केला. आबांनी मामांना घराचे दार बंद केले आणि त्या भाऊबीजेला आईचे ताट तसेच राहिले. आईचे ते तोंड मला बघवत नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात माझे लग्न ठरले. आमच्याकडे नवरीला मांडवात मामाच हात धरून आणतो. आबांनी लांबच्या एका मामाला तयार करून ठेवले होते. हळदीच्या पाटावरच मी सांगून टाकले, "मन्हा मामा येवाशिवाय मी मांडवमा उभी ऱ्हाव नई." आबा गरजले, भांडी आदळली. मी हलले नाही. आई माझ्या शेजारी येऊन बसली.

लग्नाच्या सकाळी आबा घोड्यावर बसून नंदुरबारला गेले. तिथे काय पाहिले ते पुढे ते आयुष्यभर सांगत. मामा धोतर, कोट, फेटा असे सजून ओट्यावर बसलेले, मांडीवर माझ्यासाठी घेतलेला शालू, आणि दारात टांगा जुंपलेला.

"तुमले कोन सांगी गया?" आबांनी विचारले.

"कोनीच नई," मामा म्हणाले. "सकायपाशीन बशेल शे. बलावनं नव्हतं, मंग कसा येतू?"

मांडवात मामांनी माझा हात धरला तेव्हा मी रडले नाही, मामाही रडले नाहीत. आबा मात्र सगळ्या वऱ्हाडादेखत हुंदके देऊ लागले. मामांनी माझा हात न सोडता दुसऱ्या हाताने त्यांना जवळ ओढले.