केळ्याचं साल

सालकाका कोणाच्याही घरी गेले की यजमानांच्या आधी जमिनीकडे बघायचे. हातात मिठाईची पिशवी, मान खाली आणि नजर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. नवख्या माणसाला वाटावं, यांचं काहीतरी हरवलं आहे. इथे अरिझोनात, चँडलरला आम्ही घर घेतलं तेव्हा ते पहिल्यांदा आमच्याकडे आले. माझा भाऊ नागपूरहून आला होता आणि सोफ्यावर ऐसपैस बसला होता. काकांनी दारातूनच सगळीकडे नजर फिरवली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "घर छान घेतलंत. पण सालं फार आहेत घरात."

नवऱ्याचा साला ताडकन उठून उभा राहिला. मी चहाचा ट्रे घेऊन जागच्या जागी थिजले. शेवटी काकांच्या बायकोने, शैलाकाकूंनी, घाईघाईने सारवासारव केली. "केळ्याची हो, केळ्याची! यांना केळ्याची सालं म्हणायचंय."

घरात औषधाला केळं नव्हतं. काकांनी मग एकेक साल बोट दाखवून सांगितलं. जिन्याखालच्या गालिच्याचा दुमडलेला कोपरा हे एक साल. पायरीवर पडलेली माझ्या मुलीची, रेवाची, खेळण्यातली गाडी हे दुसरं. आणि मागच्या अंगणात, पोहण्याच्या तलावाच्या कुंपणाचं फाटक, ज्याची कडी नीट बसत नव्हती, त्याच्यापाशी जाऊन त्यांनी ती कडी दोनदा लावून बघितली. "हे मोठं साल आहे," एवढंच म्हणाले. मला मनातून रागच आला. गृहप्रवेशाच्या दिवशी काय हे अभद्र बोलणं! पण दुसऱ्या दिवशी मी कडी बदलून घेतली.

काका हाडांचे डॉक्टर, आम्ही भेटलो तेव्हा निवृत्त. अमेरिकेत यायच्या आधी, त्या काळच्या पुष्कळ मराठी डॉक्टरांसारखी त्यांनी काही वर्षं इंग्लंडमध्ये काढली होती. उत्तरेकडचं एक काळवंडलेलं गिरणीचं गाव, तिथलं इस्पितळ आणि त्यातला मुलांचा वॉर्ड. तिथल्या पोरांचं इंग्रजी त्यांना ओ की ठो कळेना. "मेडिकलला पहिला आलेला मी," ते सांगायचे, "आणि एवढंसं पोर कुठं दुखतंय म्हणतंय तेच समजेना." तेव्हा पाय टांगून ठेवलेल्या एका मुलीने आपलं साप्ताहिक कॉमिक त्यांच्या हातात कोंबलं. स्वस्त कागद, बोटांना लागणारी शाई, आणि पानापानांवर आगाऊ पोरं, चिडके मास्तर, ढेरपोटे पोलीस आणि सॉसेज पळवणारी कुत्री. काका त्यावरून वॉर्डातलं इंग्रजी शिकले. पुढे देश सुटला, इस्पितळं बदलली, केस गेले, पण कॉमिक सुटलं नाही. त्यांच्याकडे आतल्या गार खोलीत खोकेच्या खोके भरलेले होते. इथल्या उन्हात गॅरेजमध्ये ठेवले तर कागदाचे पापड होतील म्हणून काकूंचे शालू कपाटाबाहेर आणि कॉमिक आत, अशी व्यवस्था होती.

अमेरिकन कॉमिकबद्दल त्यांचं मत फार वाईट. "यांच्यात माणूस उडतो. त्यात काय मोठं? आमच्यात पडतो." आणि मग त्यांचा ठरलेला सिद्धांत सुरू व्हायचा. केळ्याचं साल नेहमी पहिल्या चौकटीत असतं, कोपऱ्यात, लहानसं. वाचणाऱ्याला ते दिसतं, चालणाऱ्याला दिसत नाही. "हसू येतं ते तिथून. म्हणून तर जग बदललं तरी पोरं अजून हसतात. एरवी सगळं मोठ्यांना ठाऊक असतं, इथे फक्त पोराला ठाऊक असतं." इथपर्यंत आम्हीही हसायचो. पण काका तिथे थांबत नसत. "चित्रातलं पोर भिंतीवरून पडतं आणि पुढच्या चौकटीत डोक्याला पट्टी लावून पळत असतं. माझ्याकडे जी पोरं यायची ना, त्यातल्या काहींना पुढची चौकटच नसायची." असं म्हणून ते पुन्हा जमिनीकडे बघायला लागत. कोणीतरी मग विषय बदलायचं.

आमच्या मराठी लोकांचं कोणाच्या तरी अंगणात जेवण असलं की काका ताट घेऊन थेट तलावाच्या फाटकाशी जाऊन उभे राहत आणि फाटकाला पाठ लावून सबंध दुपार काढत. वडापाव तिथेच, ताक तिथेच. भर उन्हात टोपी घालून उभा असलेला तो म्हातारा बघून कोणी थट्टा करायचं, "काका, ड्यूटी संपली, आता बसा ना यार!" काका म्हणायचे, "मी बसलोच आहे, फक्त उभ्याने." एकाही आईने कधी तशी थट्टा केली नाही. काका फाटकाशी आहेत म्हटल्यावर आम्ही निवांत जेवायचो.

रविवारी दुपारी ते मुलांना कॉमिक वाचून दाखवत, मराठीत. सगळे धपाक्, फटाक्, आई आई गं हे त्यांच्या घशातून निघायचं. मुलं इंग्रजीत ओरडायची आणि मराठीत हसायची. रेवाने एकदा विचारलं, "काका, व्हाय डझ एव्हरीबडी गेट हिट?" काका म्हणाले, "कारण लागत कोणालाच नाही गं." प्रत्येक पान सुरू करताना ते विचारायचे, "साल कुठंय?" आणि जो पहिल्यांदा दाखवेल त्याला पान उलटायचा मान. माझी मुलगी अरिझोनात जन्मलेली, तिने ते इंग्लंडचं गाव बघितलं नाही की ते मास्तर. पण त्या पानांवर ती अशी तुटून पडायची की जेवायलाही उठायची नाही.

एका रविवारी ती गाडीत अगदी गप्प बसली होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "आई, देअर वॉज नो साल. आय चेक्ड. पण काका म्हणाले, आहे. ही गॉट सो मॅड." मी म्हटलं, अगं, मोठ्या माणसांची चूक होते कधीकधी. ती म्हणाली, "काकांची नाही होत." मी गाडीचा एसी वाढवला आणि गाणी लावली, पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मग एकेक दिसायला लागलं. काका गोष्टीत पडण्याच्या आधीच हसायचे, आणि पडल्यावर गप्प. त्यांच्या बोलण्यातून इंग्रजी हळूहळू निघून चाललं. दुकानातल्या मुलीशी ते मराठीत बोलायचे आणि ती बावचळायची. काकू त्यांची वाक्यं पुरी करायला लागल्या, इतक्या सफाईने की कोणाला पत्ता लागू नये. "वय झालं हो," त्या म्हणायच्या, पण डोळे माझ्यावर रोखलेले, मी मान डोलावते की नाही ते बघत. मी मान डोलवायची. एकदा मी त्यांच्याकडे डबा द्यायला गेले तर काका स्वयंपाकघरात ओणवे होऊन टेबलाखाली बघत होते. काकू आत होत्या. काका हळूच म्हणाले, "आमच्या घरात एक साल आहे. मला दिसत नाहीये. पण आहे. डॉक्टर आहे मी, मला कळतं." मी डबा ओट्यावर ठेवला आणि त्यांच्या शेजारी वाकून टेबलाखाली बघितलं.

त्यांचा मुलगा बॉस्टनला, आणि काकू हायवेवर कधीच ड्राइव्ह करत नसत, त्यामुळे काकूंच्या मागे लागून मीच दोघांना स्मरणशक्तीच्या तपासणीला घेऊन गेले. तपासणारी डॉक्टर तरुण आणि गोड होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिने नाव विचारलं, ते सांगितलं. मग तिने इंग्रजीत वर्ष कुठलं ते विचारलं. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "काय म्हणते ही?" डॉक्टरने मला खूण केली, तुमच्या भाषेत विचारा. मी विचारलं, "काका, हे साल कुठलं?"

विचारलं आणि माझं मलाच कळलं मी काय बोलले ते. काकांनी मान खाली घातली. खुर्चीच्या पायांपाशी बघितलं, टेबलाखाली बघितलं, दारापर्यंत सगळी जमीन बघून घेतली. मग मान वर करून म्हणाले, "केळ्याचं."

काकू फुटल्यासारख्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या असतील कोण जाणे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "बघितलंस? अजून थट्टा सुचते यांना! उगाच घाबरवलंस मला," असं मलाच म्हणाल्या. मीही हसले. डॉक्टरने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, जोक केला. तीही हसली. काकूंचा जीव इतका हलका झाला की पाण्याची बाटली भरून आणते म्हणून त्या बाहेर गेल्या.

दार लागलं तसे काका माझ्याकडे झुकले. "हसली ना ती?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मला नाही गं आठवत, कुठलं साल ते. तू सांग या डॉक्टरला. शैला हसतेय तोवर हसू दे. पुढची चौकट तिला इतक्यात दाखवू नका."

मी डॉक्टरला सांगितलं. तिला ते आधीच कळलं होतं.

पुढची चौकट काकूंना दिसायची ती दिसलीच, ती कोणी लपवू शकत नाही. काका आता अशाच माणसांसाठी असलेल्या एका घरात राहतात. तिथे गालिचे नाहीत, फाटकाला कुलूप असतं, सालं सगळी काढून टाकलेली आहेत. मला आणि काकूंना ते ओळखत नाहीत. कॉमिक मात्र ओळखतात. रेवा आता उंच झाली आहे. ती त्यांच्या शेजारी बसून वाचते, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत, धपाक् आणि फटाक् मात्र हुबेहूब काकांच्या आवाजात.

परवा तिने पान उघडलं आणि नेहमीसारखं विचारलं, "काका, साल कुठंय?" पहिल्या चौकटीत एक गृहस्थ टोपी तिरकी करून, आभाळाकडे बघत, शीळ घालत चालले होते. कोपऱ्यात साल पडलेलं होतं. काका पानावर वाकले. मग त्यांनी बोट उचललं आणि सालावर न ठेवता त्या माणसावर ठेवलं. हळूच टोचलं त्याला, दोनदा.

"अरे," ते त्याला म्हणाले, "खाली बघ. खाली बघ ना रे."

रेवाने पान उलटलं नाही.