चहाचा चटका

तळपाय बधिर होत होते म्हणून डॉक्टरांनी मला दर सोमवारी बी-बाराचं इंजेक्शन लावलं होतं. अक्कलकोट रोडच्या त्या दवाखान्यात सुई बघितली की मी कुरकुर करायचे.

बाकावर शेजारी विड्या वळणाऱ्या एक बाई असायच्या. इंजेक्शन तेच, पण त्यांना बोटांसाठी. "पान ओलं हाय का सुकं, बोटालाच कळंना. विडी वळू कशी?" एवढंच त्या एकदा बोलल्या. नंबर येईपर्यंत डोळे मिटून पदराचा काठ चिमटीत चोळत बसायच्या.

समोरच्या टपरीवरनं चहा यायचा. मला ग्लास रुमालात धरावा लागे. त्या मुठीत धरून शांतपणे प्यायच्या. आधी मला त्याचं कौतुकच वाटलं होतं.

सहाव्या सोमवारी त्यांनी ग्लास उचलला आणि एकदम खाली आदळला. चहा सांडला. मी घाबरून उठले, तर त्या बोटांवर फुंकर मारत हसत होत्या.

"ताई, भाजलं की वो!"

मग माझा नंबर आला. सुई चांगलीच टोचली. मी कुरकुरले नाही.