शिराळ्याची बाहुली
आज नागपंचमी, घरात सुरीला हात लावायचा न्हाई, म्हणून काकडी हातानंच मोडली आणि शिराळ्यातली ती दुपार आठवली. माझ्या बायकोला जुन्या परदेशी बाहुल्या जमवायचा नाद होता. फौजेतल्या बापानं लहानपणी आणलेली तिची बाहुली हरवली होती, आणि तसलीच ती चाळीस वर्षं हुडकत होती. शिराळ्यात एका म्हातारीकडं ती निघाली, खोक्यात पुठ्ठ्याला दोऱ्यानं बांधलेली. पाठीवर कंपनीचा छाप असला तरच जुनी, न्हाईतर नक्कल, आणि पाठ तर पुठ्ठ्याला चिकटलेली. बायको आधी दोनदा फसली होती. दोरा कापायला कात्री मागितली तर म्हातारी म्हणाली, "आज पंचमी हाय, बाई. माझ्या घरात काय कापायचं न्हाई." तेवढ्यात म्हातारीचा फोन वाजला. कऱ्हाडचं गिऱ्हाईक स्टँडवर उतरलं होतं, आणि ते न बघताच घेणार होतं. बायको खाली बसून नखानं एकेक गाठ सोडवू लागली. बाहेर हलगी कडकडत होती, घामानं दोरा निसटत होता, आणि ओढला तर जुना झगा फाटणार होता. "घे की तशीच," मी म्हणालो. "आवं, गप बसा जरा." शेवटची गाठ सुटली तवा तो माणूस उंबऱ्यात उभा होता. तिनं बाहुली पालथी केली. छाप होता, बाहुली आमची झाली. येताना एसटीत ती हुंदके देऊन रडली. "बाहुलीपायी रडतीस व्हय?" मी खेकसलो. लय वंगाळ बोललो. तिला जाऊन वरीस झालं. आता बाहुल्यांच्या कपाटाम्होरं मी रडतो, आणि माझ्यावर खेकसायलाबी कुणी न्हाई.